ज्यूरीचा न्याय आणि मनाचा पूर्वग्रह

सन १९०८ च्या जुलै महिन्याच्या २२ व्या तारखेस, रात्रीं आठ वाजून गेल्यावर, मुंबईच्या हायकोर्टांतील नऊ गृहस्थ आपल्या आसनांवरून उठून विचारविनिमयासाठीं आंत गेले. सुमारें सव्वा तासानें ते परत आले. सात जणांचें मत ‘दोषी’, दोघांचें मत ‘निर्दोषी’. न्यायमूर्ति दावर यांनीं बहुमत मान्य केलें आणि लोकमान्य टिळकांस सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड झाला. पुढची हकीकत महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांस सांगावयास नको. मंडालेचा तुरुंग, तेथें सिद्ध झालेलें ‘गीतारहस्य’ आणि मुंबईच्या गिरणी-कामगारांचा सहा दिवसांचा संप या गोष्टी आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या गेल्या आहेत. परंतु त्या सव्वा तासांत त्या बंद दाराआड काय झालें हें कोणासहि ठाऊक नाहीं. कोण काय बोलला, कोणीं कोणास अडविलें, दोघांनीं आपलें म्हणणें मांडलें तेव्हां बाकीच्या सातांनीं तें ऐकून घेतलें कीं घड्याळाकडे पाहिलें, याविषयीं इतिहास मुका आहे. त्यानें आपल्या हातीं दोन आंकडे तेवढे ठेवले आहेत: सात आणि दोन.

टिळकांची कैफियत पुन्हां सांगावी हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. आरोपीच्या पिंजऱ्याकडे आपण पुष्कळ वेळ पाहिलें. आज थोडा वेळ त्या नऊ खुर्च्यांकडे पाहूं. शपथ घेऊन बसलेल्या सामान्य मनुष्याच्या मनांत पूर्वग्रह कसा शिरतो, तो त्याचा त्याला तरी दिसतो काय, आणि तो दूर ठेवण्यासाठीं जे उपाय योजले गेले त्यांचें काय झालें, हे प्रश्न जुने असले तरी शिळे झालेले नाहींत.

ज्यूरीची संस्था आपल्याकडे आली ती इंग्लंडांतून. मध्ययुगांत तेथील ज्यूरर म्हणजे आरोपीचे शेजारीपाजारी. गांवांतील बरीवाईट हकीकत ज्यांस आधींपासूनच माहीत आहे असे लोक. आपल्या गांवपंचायतींतील पंचहि बहुधा असेच असत. शेताचा बांध कोणीं सरकविला हें त्यांस साक्षीपुराव्यावांचूनहि कळत असे. पुढें इंग्लंडांत हें तत्त्व हळूहळू अगदीं उलटें झालें. खटल्याविषयीं ज्यास कांहींच माहीत नाहीं तो ज्यूरर उत्तम, अशी कल्पना रूढ झाली. पूर्वीं माहिती ही पात्रता होती. नंतर कोरेपणा ही पात्रता ठरली. पण मन म्हणजे कांहीं शाळेंतील पाटी नव्हे कीं कोर्टाच्या पायरीवर ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. मनुष्य खटल्याविषयीं अजाण असूं शकतो. ज्या जातीचा, ज्या वर्गाचा, ज्या वर्णाचा आरोपी आहे त्या जातीविषयीं, वर्गाविषयीं व वर्णाविषयीं तो क्वचितच अजाण असतो.

ज्यूरीच्या स्वातंत्र्याचा झगडा मोठा तेजस्वी आहे. सन १६७० मध्यें लंडन येथें विल्यम पेन व विल्यम मीड या दोघां क्वेकरांवर बेकायदेशीर जमावाबद्दल खटला चालला. न्यायाधीशांस दोषी ठरविणारा निकाल हवा होता. ज्यूरी तो देईना. तेव्हां त्या बारा जणांस अन्नपाण्यावांचून कोंडून ठेवण्यांत आलें, आणि तरीहि ते बधेनात म्हणून प्रत्येकास चाळीस मार्क दंड झाला. त्यांच्यापैकीं एडवर्ड बुशेल यानें दंड भरण्याऐवजीं तुरुंग पत्करला व आपल्या कैदेविरुद्ध दाद मागितली. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनीं निर्णय दिला कीं, ज्यूररांस त्यांच्या निकालाबद्दल शिक्षा करतां येणार नाहीं. कारण काय काय ध्यानांत घेऊन त्यांनीं आपलें मत बनविलें हें न्यायाधीशास कळणें शक्य नाहीं. हा निर्णय योग्यच होता. पण त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्या पडद्यानें बुशेलला सत्तेच्या रोषापासून वांचविलें त्याच पडद्याआड पूर्वग्रहासहि सुखानें बसतां येतें. सन १७८५ मध्यें एका खटल्यांतील ज्यूररांनीं चक्क चिठ्ठीपांसा टाकून निकाल ठरविल्याची गोष्ट खुद्द ज्यूररांच्याच शपथपत्रांवरून लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढें आली. परंतु ज्यूररानें आपल्याच निकालाविरुद्ध दिलेली साक्ष घेतां येत नाहीं असें त्यांनीं ठरविलें. स्वतंत्र असणें ही एक गोष्ट व निःपक्षपाती असणें ही निराळी. पहिलीची हमी कायदा देऊं शकतो. दुसरीची हमी देणें त्याच्या हातीं नाहीं.

ही अडचण इंग्रजांस अज्ञात होती असें मात्र नाहीं. चौदाव्या शतकांत, तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत, त्यांनीं असा कायदा केला कीं, परदेशी मनुष्य पक्षकार असेल तर ज्यूरींतील निम्मे लोक परदेशी असावेत. शपथ घेतली तरी मन आपल्या माणसाकडे झुकतें, याची ती उघड कबुली होती. इंग्लंडांत ही तरतूद १८७० सालीं रद्द झाली. हिंदुस्थानांत मात्र तिचें तत्त्व नव्या वेषांत आलें, आणि तें कोणाच्या सोयीसाठीं आलें तें पाहण्यासारखें आहे. इल्बर्ट बिलावर गोऱ्या लोकांनीं जो गदारोळ केला त्याच्या शेवटीं, १८८४ मध्यें, तडजोड झाली: युरोपियन आरोपीस निदान निम्मे युरोपियन किंवा अमेरिकन ज्यूरर मागण्याचा हक्क मिळाला. नेटिव्ह पंचांच्या हातीं आपल्यास न्याय मिळेल असा गोऱ्यांस भरंवसा नव्हता. मग गोऱ्या पंचांविषयीं नेटिव्हांस तसाच भरंवसा कां असावा, हा प्रश्न सरकारनें स्वतःस कधीं विचारला नाहीं. त्यापूर्वीं शंभराहून अधिक वर्षें आधीं, १७७५ च्या जून महिन्यांत, कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टांत महाराज नंदकुमार यांजवर खोट्या दस्तैवजाचा खटला झाला, तेव्हां ज्यूरींत एकहि हिंदी मनुष्य नव्हता; आणि ऑगस्टांत ते फांशीं गेले.

या पार्श्वभूमीवर टिळकांचे दोन खटले शेजारींशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे कांहीं गोष्टी स्पष्ट होतात.

पहिला खटला १८९७ च्या सप्टेंबरांतला. १५ जूनच्या ‘केसरी’च्या अंकांतील शिवराज्याभिषेकोत्सवाची हकीकत व एक कविता, हा त्याचा विषय. ज्यूरींत सहा युरोपियन व तीन हिंदी गृहस्थ होते. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस कायदा समजावून सांगतांना ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ केला. निकाल सहाविरुद्ध तीन असा लागला व दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. हायकोर्टांतील ज्यूरीविषयीं तेव्हांचा कायदा असा होता कीं, नऊपैकीं निदान सहा जण एकमताचे असावेत व न्यायाधीशास तें मत मान्य असावें. लागणारी संख्या सहा, युरोपियन सहा, आणि विरुद्ध मतें पडलीं तींहि सहाच.

येथें आपण थोडें सावध राहिलें पाहिजे. ते सहा गृहस्थ दुष्ट होते असें मानण्यास आधार नाहीं. तें वर्ष प्लेगचें होतें. २२ जूनच्या रात्रीं पुण्यास रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि मुंबईच्या अँग्लो-इंडियन पत्रांनीं त्या खुनांचा संबंध ‘केसरी’च्या लेखांशीं जोडून टाकला होता. क्लबांत, कचेरींत, जेवणाच्या टेबलावर त्या सहांनीं तीन महिने दुसरें काय ऐकलें असेल? कोर्टांत येऊन बसले तेव्हां आपण निर्विकार आहों असें त्यांस मनापासून वाटलें असण्याचा संभव आहे. पूर्वग्रहाचें खरें बळ येथेंच असतें. तो पूर्वग्रह म्हणून पुढें येत नाहीं. ‘सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट’ म्हणून येतो.

आणि त्या उरलेल्या तिघांचें काय? आपण त्यांस न्यायी म्हणतों, आणि निकालाच्या गुणदोषांकडे पाहिलें तर मीहि तसेंच म्हणेन. तथापि स्वतःस एक प्रश्न विचारणें प्रामाणिकपणाचें होईल: त्या तिघांनीं पुरावा तोलून मत दिलें, कीं तेहि आपल्या माणसाकडे झुकले? हें आपल्यास कळण्याचा मार्ग नाहीं. न्यायसंस्थेवरील सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. मतांची फाळणी जेव्हां बरोबर वर्णाच्या रेषेवर पडते, तेव्हां न्यायानें दिलेलें मत व नात्यानें दिलेलें मत यांतील भेदच पुसून जातो. शिक्षा झालेल्यास ती अन्यायाची वाटते, आणि सुटका झाली असती तर दुसऱ्या पक्षास ती तशीच वाटली असती.

दुसऱ्या खटल्यांत हाच प्रश्न अधिक बिकट झाला. मुजफरपूरचा बाँब ३० एप्रिल १९०८ रोजीं पडला. त्यावर ‘केसरी’ने लिहिलेल्या लेखांवरून टिळकांस २४ जूनला अटक झाली. सरकारपक्षानें विशेष ज्यूरीची मागणी केली. बॅरिस्टर बॅप्टिस्टा यांनीं तिला विरोध केला. विशेष ज्यूरीच्या यादींत युरोपियनांचा भरणा, लेख मराठी, आणि ते ज्यांनीं वाचावयाचे त्यांस मराठीचा गंध नाहीं. कोर्टानें मागणी मान्य केली, व सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली. टिळकांनीं स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचें भाषण एकवीस तासांहून अधिक चाललें. भाषांतरकारास त्यांनीं शब्दाशब्दावर उलट प्रश्न केले, इंग्रजी शब्द मूळ मराठीहून कसे तिखट झाले आहेत तें दाखविण्याचा यत्न केला, आणि इंग्लंडांतील वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासांत ज्यूरींनीं काय केलें याची त्या नऊ जणांस आठवण दिली.

आपल्या भाषेंतील वाक्य आपण वाचतों तेव्हां शब्दाबरोबर त्याचा सूरहि ऐकतों. उपरोध कोठें संपला व संताप कोठें सुरू झाला, म्हण कोणती व धमकी कोणती, हें मराठी वाचकास न सांगतां समजतें. भाषांतर वाचणाऱ्या परक्यापुढें शब्दांचीं हाडें येतात. त्यांवर मांस चढविण्याचें काम त्याच्या कल्पनेस करावें लागतें, आणि ती कल्पना आधींच भेदरलेली असेल तर ती त्या हाडांतून राक्षसच उभा करणार. सात जणांस राजद्रोह दिसला. दोघांस दिसला नाहीं.

परंतु या खटल्यानें वर्णाचें साधें गणितहि मोडलें. न्यायासनावर इंग्रज नव्हता. दिनशा दावर हे हिंदी न्यायाधीश होते. इतकेंच नव्हे, तर १८९७ मध्यें टिळकांच्या जामिनासाठीं त्यांनीं स्वतः वकील म्हणून अर्ज चालविला होता व न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांजकडून जामीन मिळविलाहि होता. १९०८ मध्यें टिळकांच्या वतीनें बॅरिस्टर जीना जामीन मागावयास उभे राहिले तेव्हां तोच त्याच दावरांनीं नाकारला. म्हणजे पूर्वग्रह केवळ कातड्याच्या रंगांत नसतो. मनुष्य कोणत्या खुर्चीवर बसला आहे यांतहि तो असतो. आणि दोन पारशी ज्यूररांनीं आपल्याच समाजांतील न्यायाधीशाचा कल स्पष्ट ऐकल्यावरहि ‘निर्दोषी’ असें मत दिलें. त्या दोघांविषयीं आपल्याकडे फार थोडें लिहिलें गेलें आहे याचें मला नेहमीं वाईट वाटतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सर्व पारतंत्र्याचा दोष. स्वराज्यांत स्वकीय पंच आले कीं प्रश्न मिटला. त्यानें १९५९ चा नानावटी खटला आठवावा. आरमारांतील कमांडर नानावटी यांनीं २७ एप्रिल रोजीं मुंबईंत आपल्या पत्नीच्या प्रियकरास गोळ्या घातल्या. आरोपी रुबाबदार, पराक्रमी, पांढऱ्या गणवेषांतला. मृत मनुष्य श्रीमंत व विलासी. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें आरोपीची बाजू उघडपणें उचलून धरली, आणि कित्येक मध्यमवर्गीय घरांतून मनोमन त्याची सुटका ठरूनहि गेली. ज्यूरीनें आठविरुद्ध एक अशा मतानें त्यास निर्दोषी ठरविलें. सत्र न्यायाधीशांस तो निकाल विचारी मनुष्यांनीं देण्याजोगा वाटला नाहीं. त्यांनीं तो हायकोर्टाकडे पाठविला. हायकोर्टानें जन्मठेप दिली व २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. पुढें १९६४ सालीं राज्यपालांनीं माफी दिली ती गोष्ट निराळी.

टिळकांच्या ज्यूरींनीं द्वेषानें किंवा भीतीनें पाहिलें असेल. या ज्यूरीनें प्रेमानें पाहिलें. द्वेषास पूर्वग्रह म्हणावयास आपली जीभ अडखळत नाहीं, पण सहानुभूतीस तें नांव देणें आपल्या जिवावर येतें. तरीहि तराजू उजवीकडे कलला काय आणि डावीकडे कलला काय, माप खोटेंच. कोर्टांत ज्यास बोलतां येत नव्हतें असा एक पक्ष त्या दिवशीं होता, तो म्हणजे मेलेला मनुष्य. त्याच्याविषयीं सर्व शहराचें मत वाईट होतें. पण वाईट मनुष्यास ठार मारण्याची मुभा कायद्यानें कोणास दिलेली नाहीं. त्या एका ज्यूररास हें दिसलें असावें. १९०८ चे ते दोघे आणि १९५९ चा हा एकटा यांची जात मला एकच वाटते.

या खटल्यामुळेंच आपल्याकडील ज्यूरी बंद झाली अशी एक समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. कायदा आयोगानें १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालांतच ही पद्धति काढून टाकण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ज्यूरीस जागा उरली नाहीं आणि १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता अमलांत आली. आतां न्यायाधीश एकटा बसतो. मग पूर्वग्रह गेला काय? स्ट्रॅची व दावर हे न्यायाधीशच होते. फरक येवढाच कीं, न्यायाधीशास आपल्या निकालाचीं कारणें लिहावीं लागतात आणि लिहिलेलें कारण वरच्या कोर्टांत तपासतां येतें. ज्यूरीच्या ‘दोषी’ या एका शब्दांत तपासण्यासारखें कांहींच नसतें. हा फरक लहान नाहीं.

तथापि ज्यूरींतहि एक गुण होता, व तो आपण बहुमताच्या नियमानें घालविला असें मला वाटतें. इंग्लंडांत १९६७ पर्यंत बाराहि जणांचें एकमत लागत असे. एकमत हवें असलें म्हणजे एकट्या मनुष्याचें ऐकावेंच लागतें. त्याची समजूत घालतांना स्वतःच्या मताचें कारण शोधावें लागतें. आणि पूर्वग्रहास सर्वांत जड जाणारी गोष्ट कोणती असेल तर ती कारण सांगणें. परंतु जेथें सहा पुरतात तेथें सहांनीं तिघांशीं वाद कशास घालावा? अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानानें १८९८ मध्यें एकमताची अट काढून बारांपैकीं नऊ मतें पुरेशीं ठरविलीं, तीं यासाठींच कीं ज्यूरींत एकदोन निग्रो आले तरी त्यांचें मत निरुपयोगी व्हावें. त्या देशाच्या सुप्रीम कोर्टानें २०२० मध्यें हा इतिहास उघड नमूद करून एकमताची अट घटनेनेंच आवश्यक आहे असें ठरविलें. त्याच्या तीन वर्षें आधीं, २०१७ मध्यें, त्याच कोर्टानें मॅन्सफील्डच्या जुन्या पडद्यासहि एक फट पाडली होती. कोलोरॅडोंतील एका खटल्यांत, आरोपी मेक्सिकन वंशाचा आहे म्हणून तो दोषीच असणार, अशा अर्थाचें एक ज्यूरर आंत बोलल्याचें दुसऱ्या दोघांनीं निकालानंतर सांगितलें. वंशद्वेष इतका उघड असेल तेथें तरी आंतल्या गोष्टीचा पुरावा घेतला पाहिजे, असा तो निर्णय होता. बुशेलपासून साडेतीनशें वर्षांच्या आसपास लागलीं तेव्हां येवढी फट पडली. जो ज्यूरर मनांत तेंच ठेवून तोंडानें गप्प बसतो त्याच्यापर्यंत मात्र कोणतेंहि कोर्ट पोंचूं शकत नाहीं.

सन १९५६ मध्यें मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्तें मुंबई हायकोर्टांत टिळकांच्या उद्गारांची शिला बसविण्यांत आली, आणि ज्या न्यायालयानें शिक्षा दिली त्याच न्यायालयाच्या प्रमुखानें त्या प्रसंगीं खऱ्या न्यायाचा लोप झाल्याची कबुली दिली. संस्थेस अठ्ठेचाळीस वर्षांनीं कां होईना आपली चूक दिसली, हें तिच्या मोठेपणाचें लक्षण होय. पण त्या नऊ जणांपैकीं सातांस, घरीं परत जातांना, आपण चुकलों असें वाटलें असेल काय? मला वाटतें, ते शांत झोंपले असतील.

आपल्याकडे आतां ज्यूरीचें समन्स येत नाहीं. तरी सकाळचें वर्तमानपत्र उघडून, कोर्टांत अजून उभाहि न राहिलेल्या मनुष्यास आपण चहा निवण्याच्या आंत दोषी ठरवितों किंवा सोडून देतों. आणि घरांतील एखादें माणूस ‘पण दुसरी बाजू काय आहे?’ असें विचारूं लागलें कीं त्यास गप्प बसवितों. तें बहुधा घरांतलें सर्वांत धाकटें माणूस असतें, किंवा ज्याच्या मताला घरांत किंमत नाहीं असें. पुढच्या वेळीं त्यास बोलूं द्यावें. सातांनीं त्या दोघांचें ऐकलें कीं नाहीं हें आपल्यास कधींच कळणार नाहीं. आपण आपल्या घरांतल्या एकाचें ऐकलें कीं नाहीं हें मात्र कळूं शकतें.